आबांनी सांगितलेलं वय

हे लिहायला मला आमच्या दवाखान्यातल्या बाईंनी बसवलं. त्या म्हणाल्या, "यमुनाबाई, तुम्ही यातून बऱ्या होऊन आलात. लिहा, चार आयांना धीर येईल." मी म्हटलं, "बाई, मी बरी कुठं झालेय? सकाळी गोळी घेते तेव्हा कुठं दिवस निघतो." तर म्हणाल्या, "मग तेच लिहा."

म्हणून आधीच सांगून ठेवते. ज्यांना गोड शेवट लागतो त्यांनी हे इथंच बाजूला ठेवावं, मला राग येणार नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा, आणि तो इतक्या वर्षांत उतरलेला नाही. तो लिहिताना मध्ये मध्ये वर येईल.

गंजी

आम्ही चिखलीचे. आज तिथं पत्र्याच्या शेड आहेत, चाळी आहेत, लेथच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मी सांगतेय ते पन्नास सालानंतरच्या चार-आठ वर्षांतलं. तेव्हा नुसता माळ होता आणि ज्वारीची रानं. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहायला लागले होते आणि गावातले पुरुष तिकडे बांधकामावर जात. माझे आबाही जात. घरात आबा, आई, मी, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी सुमी आणि सगळ्यांत लहान बाळू. बाळू माझ्या काखेतच वाढला. आई खुरपायला गेली की तो दिवसभर माझ्याकडे असायचा.

तो तापानं गेला तोही माझ्याच मांडीवर. आई रानात होती. मी त्याला चमच्यानं पाणी पाजत होते आणि ते पाणी ओठांच्या कडेनं परत बाहेर आलं. मी पुन्हा पाजलं. पुन्हा बाहेर आलं. किती वेळ पाजत होते कोण जाणे. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते.

पंधरा-वीस दिवसांनी मला त्याचं रडणं ऐकू यायला लागलं. आधी जात्याच्या कोपऱ्यातून, मग विहिरीकडून, मग कुठूनही. मी हातातलं काम टाकून शोधत सुटायची. आईला वाटलं, पोरीनं मनाला लावून घेतलंय, होईल हळूहळू कमी. मग शेजारणींनी देवऋषी आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, लिंबं उतरून टाकली. धुरीनं मला खोकला तेवढा झाला.

एका दुपारी पोलीस पाटलांच्या कडब्याच्या गंजीतून तो रडायला लागला. अगदी आतून, गुदमरल्यासारखा. मी पेंढ्या उपसायला सुरुवात केली. हात पुरेल तेवढं भोक पडलं, पण आत सगळा अंधार. चुलीसाठी आणलेली काड्यापेटी ओच्यात होती. दिसावं म्हणून मी काडी ओढली.

मला पुढं पोलिसांनी विचारलं, पाटलांनी विचारलं, पुण्याला साहेबांनी विचारलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आग तू लावलीस का?" मी हो म्हणाले. खरंच होतं ते. काडी कशासाठी ओढलीस, हे कुणीही विचारलं नाही, आणि आपणहून सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

बारा

आमच्याकडे मुलीचं वय सांगायची एक रीत होती. मुलगी बाराची झाली की तिचं वय तिथंच थांबायचं. स्थळ येऊन लग्न लागेपर्यंत ती बाराचीच. पंधराची पोर बिनलग्नाची घरात आहे म्हटल्यावर लोक तिच्यात खोट शोधायला लागायचे. आई पाहुण्यांना सांगायची, "बारावं लागलंय, उंचीनं तेवढी वाढली." अंगानं मी काटकुळी होते, म्हणून ते खपून जायचं. तीन वर्षं मी बाराची होते. घरात कुणाला त्यात खोटं काही वाटत नसे. पाहुणा आल्यावर चहा टाकावा, तसं ते सांगितलं जाई.

मला पुण्याच्या रिमांड होममध्ये ठेवलं होतं. तिथंच एका खोलीत मुलांचं कोर्ट भरायचं. टेबलामागे मॅजिस्ट्रेटसाहेब आणि त्यांच्या शेजारी दोन शिकलेल्या बायका. आबा धुतलेलं धोतर नेसून, मुंडासं बांधून आले होते. साहेबांनी विचारलं, "मुलीचं वय?"

"बारा, सायेब. बारावं सरत आलंय."

कारकुनानं लिहून घेतलं. आबांनी डाव टाकला असं मी कधीच म्हणणार नाही. कुणीही माझं वय विचारलं की ते बाराच सांगत, तसंच त्यांनी सांगितलं. मला तर उलट बरं वाटलं. मनात म्हटलं, लहान पोर म्हटल्यावर साहेब सोडून देतील.

साहेबांनी हुकूम दिला, अठरा वर्षं पुरी होईपर्यंत मुलींच्या सर्टिफाइड स्कूलमध्ये, म्हणजे सुधारशाळेत. व्हरांड्यात कारकुनानं आबांना समजावून सांगितलं, "म्हणजे सहा वर्षं."

"सा वर्सं?" आबा म्हणाले. "अवं पर ती…"

"पर काय?"

"काय न्हाई."

कोर्टापुढं खोटं बोललो म्हणून आपल्यालाच बेड्या पडतील, या भीतीनं त्यांची जीभ आवळली. हे त्यांनी घरी जाऊन आईला सांगितलं आणि आईनं पुढं मला. खरं वय सांगितलं असतं तर तीनच वर्षं झाली असती. एका रीतीपायी माझी शिक्षा दुप्पट झाली.

वर्तनाची वही

आमचं स्कूल पिंपरीच्या बाजूला माळावर, लष्करानं सोडून दिलेल्या बरॅकींत होतं. तिथून चिखली पायी दीड-दोन तासांवर. पुण्याहून मला परत घराच्या दिशेनं आणलं तेव्हा मला वाटलं घरीच नेतायत. शेवटच्या बरॅकीच्या मागे उभं राहिलं की आमच्या गावाकडची झाडं दिसायची. ती दिसत नसती तर बरं झालं असतं.

सकाळी घंटा, प्रार्थना, झाडलोट, पेज, शिवणवर्ग, मग लिहिणं-वाचणं. लिहायला मी तिथंच शिकले, हे उपकार मानते. आमच्या अधीक्षक होत्या मोठ्या बाई. माणूस वाईट नव्हत्या, वह्यांवर मात्र त्यांचा फार विश्वास. त्यांच्या टेबलावर दोन वह्या असत. एक आजाऱ्यांची आणि एक वर्तनाची. ताप, खरूज, जुलाब आजाऱ्यांच्या वहीत. बाकी सगळं वर्तनाच्या.

बाळू रडला की मी प्रार्थनेतून उठून धावायची. "पळून जाण्याचा प्रयत्न." जेवताना कानांवर हात घेऊन बसायची. "उद्धटपणा." दारावर डोकं आपटलं. "मालमत्तेची नासधूस." महिन्यात तीन शेरे पडले की भेट बंद, आणि माझे तीन तर पहिल्याच आठवड्यात पडायचे. आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिखलीहून चालत यायची आणि फाटकावरूनच परत जायची. मला खिडकीतून तिची पाठ दिसायची. पाठ बघून मी ओरडायची, आणि पुढच्या महिन्याचा एक शेरा तिथंच पडायचा.

ज्या घरात असं पोर आहे त्यांना एवढंच सांगते, ते आधी कुठल्या वहीत पडतं ते बघा. एकदा भलत्या वहीत नाव गेलं की ते तिथून काढायला फार माणसं लागतात, आणि ती मिळतीलच असं नाही.

दोन महिने

एकदा मी खिडकीची काच फोडली आणि आवरायला आलेल्या पहारेकरणीच्या हाताला चावले. मग मला मोठ्या इस्पितळात पाठवलं, वेड्यांच्या. तिथलं फार सांगणार नाही. ज्यांच्यावर ती वेळ येणार आहे त्यांना भिववून काय मिळायचंय?

सकाळी पत्र्याच्या मगातून चहा मिळायचा. पण एक बाई यादी घेऊन यायची, आणि ज्यांची नावं त्या यादीत असत त्यांना चहा नसे. चहा मिळाला नाही की समजायचं, आज आपली पाळी. मग एक लांब पडवी, ओळीत बसलेल्या आम्ही, आणि दाराआड गेलेलीचा आवाज. तोंडात द्यायच्या रबराचा वास मला आजही सायकलच्या दुकानापाशी येतो आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. त्या वेळी भूल देत नसत. आज देतात म्हणे, तेव्हा आजच्यांनी माझं ऐकून घाबरू नये.

तिथं एक म्हातारी दाई होती. विजेच्या शॉकनंतर मला जाग यायची तेव्हा तिचा ओला हात माझ्या कपाळावर असायचा.  सगळ्यांनाच ती तसा हात लावायची, मी कुणी खास नव्हते. तरी त्या दोन महिन्यांत मला माणसासारखं कुणी शिवलं असेल तर तिनंच.

परत आले तेव्हा बरंच काही पुसून गेलं होतं. गावातल्या मैत्रिणींची नावं गेली. बाळूचा चेहरा गेला. रडणं तेवढं राहिलं.

गुरुवार

मग गुरुवारी डॉक्टर यायला लागले. मुलांच्या मनाचे डॉक्टर म्हणून सरकारनं नवीनच नेमलेले, अंगानं बारीक, जाड काचांचा चष्मा. पोरींनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव भिंगरावजी ठेवलं. आठवड्यातून एक सकाळ आणि आम्ही साठ-सत्तर मुली. माझा नंबर चौथ्या गुरुवारी लागला.

ते लिंबाखाली बाकावर बसायचे. मी समोर उभी. वर्तनाची वही त्यांच्या मांडीवर होती. ती त्यांनी मिटली आणि विचारलं, "ऐकू येतं ते कुणाचं?"

मी म्हटलं, "बाळूचं."

"रडतो की हाका मारतो?"

"रडतो. तो बोलायला लागला नव्हता."

"मग तू काय करतेस?"

हे मला दीड वर्षात कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना पाण्याचं सांगितलं, गंजीचं सांगितलं, काडी कशाला ओढली ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "यमुना, हा आजार आहे. याला नाव आहे, पण नावाचा तुला काही उपयोग नाही. पुष्कळांना होतो. काहींचा जातो, काहींचा थोडा राहतो."

"माझा जाईल?"

"ते मला आज सांगता येणार नाही."

लोक म्हणतात, डॉक्टरांनी धीर द्यावा. मला त्या दिवशी त्यांनी खोटा धीर दिला नाही याचाच धीर आला. त्यांनी उठून मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन माझं नाव आजाऱ्यांच्या वहीत लिहायला लावलं. दोघांचं आतून बरंच वाजलं. बाई म्हणत होत्या, "ताप नाही, फोड नाही, कसली आजारी?" पण शेवटी लिहिलं. पुढच्या पहिल्या रविवारी आई फाटकातून आत आली. आम्ही दोघी किती तरी वेळ नुसत्या एकमेकींचे हात धरून बसलो होतो.

सरूबाई

डॉक्टरांचं औषध म्हणजे मुख्यतः सरूबाई. त्या आमच्या स्वयंपाकीण, मराठवाड्यातून नवऱ्यामागं इकडं आलेल्या, नवरा पिंपरीत कामाला. डॉक्टरांनी सांगितलं, हिला त्रास सुरू झाला की कोंडायचं नाही, मोकळ्यावर न्यायचं आणि कुणीतरी शेजारी बसायचं. बसायला दुसरं कोण होतं? सरूबाई पिठाचे हात तसेच घेऊन यायच्या.

"काय झालं वं माय? रडायलंय का लेकरू?"

"हो."

"रडू दे. लेकरं रडतातच. तू बस हितं."

त्या शेजारी बसून ज्वारी निवडायच्या. मलाही सूप द्यायच्या. मी निवडत बसायची आणि रडणं हळूहळू लांब जायचं. पुढं पुढं आठवड्यातून एकदाच यायला लागलं, मग पंधरा दिवसांतून. मी शिवणात पहिली आले. वर्तनाच्या वहीत माझं पान कोरं राहिलं. एकदा तर मी एका मुलीला भिंगरावजींची नक्कल करून दाखवली आणि ते मागे उभे होते. ते हसले, मी लाजून मेले. ती सात-आठ महिने माझ्या आयुष्यातली बरी होती. तसं पुन्हा कधी झालं नाही.

एका गुरुवारी मी त्यांना सहज म्हणाले, "आता मला अठरावं सरलं." त्यांनी मान वर केली. "कागदावर तर पंधरा आहे."

मी त्यांना रीत सांगितली. ते कपाळाला हात लावून बसले.

पंधरा

त्यांचं म्हणणं असं, की मला आता स्कूलनं काही गुण येणार नव्हता. आईजवळ, रानात, कामात राहिले तर जे सुधारलं ते टिकेल. आणि कायद्यानंही माझी मुदत संपलेली. फक्त ते सिद्ध व्हायला हवं. मी जन्मले आईच्या माहेरी, चाकणच्या पुढं. तिथल्या चावडीतलं त्या सालचं दप्तर वाळवीनं खाल्लेलं निघालं. डॉक्टरांनी माझे दात तपासून लिहून दिलं. मग म्हणाले, "आता तुझ्या वडिलांनी एकदा खरं सांगितलं की झालं. कोर्ट त्यांना काही करणार नाही, मी साहेबांशी बोललोय." त्यांनी आबांना पत्र पाठवलं.

पेरणीच्या तोंडावर आम्ही पुन्हा त्याच खोलीबाहेर बसलो. आबा, आई आणि सुमी तिघंही आले होते. सुमी लुगडं नेसली होती. मला बघून ती हसली आणि आईच्या मागे सरकली. मी तिला तीन वर्षांनी बघत होते. ती सुंदर दिसायला लागली होती आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

आबांनी मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं.

"यमे, सुमीला स्थळ आलंय. चाकणकडचं. माणसं चांगली हायेत. सुपारी फुटायची हाय अजून."

"बरं झालं की, आबा."

"बरं झालं, पर…" ते जमिनीकडे बघत होते. "मी आज अठरा सांगितलं तर तू उद्या घरी येणार. अठराची पोर, बिनलग्नाची, आन लोकांनी तिला… आता तुला काय सांगू? त्या लोकांनी पाय मागं घेतला तर? सुमीचं काय करू मी?"

"डॉक्टर म्हणतात मी बरी झालेय."

"व्हय गं. डॉक्टर म्हणत्यात." ते मुंडासं नीट करायला लागले. "तू शानी हायेस."

आत साहेब तेच होते. त्यांनी विचारलं, "तीन वर्षांपूर्वी तुम्ही मुलीचं वय बारा सांगितलं होतं. ते बरोबर होतं का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "व्हय सायेब. बाराच. आता पंधरा."

डॉक्टर उभे राहिले. दातांचं सांगितलं, रीतीचं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "दातांवरून तुमची खात्री किती?" डॉक्टर सरळ माणूस, म्हणाले, "एक-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं." मग साहेब माझ्याकडे वळले. आवाजही मऊ केला त्यांनी.

"मुली, तूच सांग. तुझं वय किती?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर आई बसली होती. तिनं सुमीचा हात दोन्ही हातांनी धरला होता, सुटून जाईल असा. आई माझ्याकडे बघत होती आणि मला काय सांगत होती ते तिचं तिलाही कळत नसावं.

मी म्हणाले, "पंधरा."

साहेबांनी कागदावर सही केली.  डॉक्टरांनी आपले कागद गोळा केले, एक खाली पडला तो मी उचलून दिला. बाहेर आल्यावर आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईनं मात्र मला हात लावला नाही, लांबूनच बघत राहिली.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर आले, तेव्हा मी लिंबाखाली गेले नाही. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. मी सांगितलं, डोकं दुखतंय. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती, आणि रागही येत होता, की यांनी मला एवढी आशा कशाला लावली. महिन्या-दीड महिन्यात त्यांची बदली झाली. निरोप घ्यायला मी गेले नाही, हे आजही मला डाचतं.

राहिलेली तीन वर्षं

श्रावणात रडणं पुन्हा सुरू झालं. पहिल्यापेक्षा जोरात. डॉक्टरांच्या जागी कुणी आलं नाही, गुरुवार नुसता गुरुवार झाला. सरूबाई होत्या तोवर बसल्या, मग त्यांच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि त्या गावाला परत गेल्या. मोठ्या बाईंनी एक-दोन महिने मला आजाऱ्यांच्या वहीत ठेवलं. मग जागा नाही म्हणून म्हणा, कंटाळा म्हणून म्हणा, नाव परत वर्तनात गेलं. पुन्हा कोंडायची खोली, पुन्हा इस्पितळ, पुन्हा पत्र्याचा मग.

त्या वर्षांत आई भेटीला येईनाशी झाली. मला वाटलं, शेरे पडले म्हणून फाटकावरून परत जात असेल. मी खिडकीत बसायची. पाठही दिसायची नाही. मनाची समजूत घालायची, सुमीच्या लग्नाची गडबड असेल, मग बाळंतपणाची असेल. आपण पंधरा म्हणालो ते वाया गेलं नाही, सुमी सुखात आहे, एवढंच मी धरून होते. दुसरं धरायला काही नव्हतं. खोलीत बसून मी ते स्वतःशी म्हणायची आणि तेवढ्यापुरतं रडणं जरा कमी व्हायचं.

कागदावर मला अठरावं सरलं तेव्हा मी एकवीस पुरी केली होती.

रहाटणीच्या वाटेवर

आबा न्यायला आले ते एकटेच. फार वाळले होते. मोठ्या बाईंनी सुटकेचा कागद दिला, एक शिवलेलं पोलकं दिलं आणि म्हणाल्या, "नीट राहा." फाटकाबाहेर आलो. चिखलीला जायचं तर रूळ ओलांडून पलीकडे. आबा उलट्या बाजूला, नदीकडे वळले.

"आबा, वाट चुकली."

"न्हाई. चल."

पवनेच्या काठाला बाभळीखाली आई बसली होती, पुढ्यात फडकं बांधलेलं. केस निम्मे पांढरे झालेले. तिनं मला जवळ ओढलं आणि पोटाशी धरून रडली. मीही रडले. मग तिनं फडकं सोडलं. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. आबा लांब जाऊन नदीकडे तोंड करून बसले.

"घरी जेवलो असतो की," मी म्हटलं.

आई भाकरी मोडायला लागली. "तुला रहाटणीला ठेवतोय. तुझ्या आत्याकडं. ती एकटीच हाय. तिला सोबत व्हईल."

"मी चिखलीला का नको?"

"सुमीच्या सासरची येत्यात जात्यात."

"येऊ देत. मी त्यांच्यापुढं नाही येणार. आता तर लग्न होऊन गेलंय, आता काय भीती?"

आईनं भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यास्नी सांगितलंय, थोरली व्हती ती पटकीनं गेली म्हणून. गावातबी समद्यांनी तेच धरलंय. म्हणून तर मला तुझ्याकडं येता येईना. मेलेल्या पोरीला भेटाया कुठं जाती म्हणून कुणी इचारलं तर काय सांगू?"

 मी विचारलं, "कधी सांगितलं?"

"सुपारी फुटली तवाच. शिमग्यात."

शिमगा फाल्गुनात. आम्ही साहेबांपुढं उभं राहिलो ते ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर. आबा व्हरांड्यात म्हणाले होते, सुपारी फुटायची आहे अजून. मी मनात दोनतीनदा महिने मोजून पाहिले. सुमीचं ठरून गेलेलं होतं. मी अठरा म्हणाले असते काय, पंधरा म्हणाले असते काय, तिच्या लग्नाला त्याचा काही उपयोग नव्हता. मला फक्त घरी येऊ द्यायचं नव्हतं, आणि ते काम त्यांनी माझ्याच तोंडून करून घेतलं.

"आय, तुला ठाऊक होतं? त्या दिवशी बाकावर बसली होतीस तेव्हा?"

"व्हय," आई म्हणाली.

आबांनी मागं वळून बघितलं आणि पुन्हा नदीकडे तोंड केलं. ऊन चढत होतं आणि रहाटणी अजून लांब होती.

"जेव," आई म्हणाली. "सकाळपासून काय खाल्लं नसशील."

मी जेवले. आई भाकरी मोडून देत होती आणि मी खात होते.